‘कॉलेज कसं आहे?’ हे विचारूच नका

बुऱ्हाणपूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. लेकीची बारावी झाली, इंदूरला इंजिनिअरिंगला घालायची आहे. दोन कॉलेजं मनात आहेत, एक शहरातलं जुनं आणि एक बायपासकडचं नवं, खासगी. बहिणीचा मुलगा त्या नव्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणतो, “मावशी, एकदम मस्त, डोळे मिटून घाल.” शेजारच्यांची मुलगी तिथेच शिकते. ती म्हणते, “काकू, चुकूनही नको.” जुन्या कॉलेजाची तीच कथा, निम्मी मुलं शपथेवर चांगलं सांगतात, निम्मी नाक मुरडतात. तर मुलांचं मत धरायचं किती आणि कुणाचं?

ताई, मी इंदूरच्या एका कॉलेजात २७ वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. त्यातली ९ वर्षं वसतिगृहाचा वॉर्डन होतो आणि शेवटची ६ वर्षं विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचे फॉर्म माझ्या टेबलावर येत. आता रिटायर झालोय. रविवारी सकाळी रामबागेतल्या घरी मुलं आणि पालक येतात, पोहे खाता खाता हेच विचारतात. तुमचा भाचा खोटं बोलत नाही, शेजारची मुलगीही नाही. दोघं खरंच सांगताहेत, तरी त्यावरून तुम्हाला काही ठरवता येणार नाही, कारण त्यांना विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. हे मला मेसच्या डाळीनं शिकवलं.

वॉर्डन झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी डाळीवरून रोज कटकट सुरू झाली. मी मेसच्या दाराशी एक वही टांगली आणि वर लिहिलं, ‘आजचं जेवण कसं होतं?’ आठवड्यात वही भरली. काहींनी लिहिलं ‘ठीक’, एकानं चक्क ‘घरच्यासारखं’, आणि उरलेल्यांनी जे लिहिलं ते इथे छापता येणार नाही. ठेकेदार म्हणाला, “सर, ये लडके राजनीती करते हैं, दूसरा ठेकेदार लाना है इनको.” मला ते पटलं होतं, कशाला लपवू. एकाच पातेल्यातली डाळ एकाला घरच्यासारखी आणि दुसऱ्याला गटारासारखी कशी लागेल?

मग एका रात्री मला स्वतःला उशीर झाला, साडेनऊला जेवायला बसलो. वाटीचा तळ दिसत होता. आत स्वयंपाकघरात गेलो तर गॅसवर पाण्याचं मोठं भगोनं उकळत ठेवलेलं. पावणेनऊच्या सुमारास डाळ संपत आली की त्यातलं पाणी आणि मूठभर मीठ पातेल्यात जायचं. आठला जेवणारी पहिल्या वर्षाची मुलं, त्यांना घट्ट डाळ मिळायची. साडेनऊला येणारी मुलं भंवरकुआँच्या कोचिंगमधून परत येणारी, त्यांच्या वाट्याला हे पाणी. दुसऱ्या दिवशी मी वहीतलं ते वाक्य खोडलं आणि दोन रकाने आखले: किती वाजता जेवलात, आणि डाळ चमच्यावर थांबली का. पुढच्या सोमवारी वही ठेकेदारापुढे ठेवली. तो काही बोलला नाही. संध्याकाळी दुसरं पातेलं चढलं.

तेव्हापासून मी मुलांना मत विचारत नाही, काल काय झालं ते विचारतो. ‘कॉलेज कसं आहे’ म्हटलं की मुलगा क्षणभर थांबतो, समोर कोण आहे ते बघतो, आणि त्या माणसाला शोभेल असं उत्तर देतो. मावशीला वेगळं, मित्राला वेगळं. ‘काल किती तास झाले’ म्हटलं की त्याला बोटं मोजावी लागतात, आणि मोजताना माणूस फारसा सजवून बोलत नाही.

गेल्या वर्षी एक मुलगा आला होता. म्हणाला, “सर, लॅब भारी आहे आमची, ४० कम्प्युटर.” मी म्हटलं, काल प्रॅक्टिकल होतं ना, तू कुठे बसलास? “१७ नंबरवर. म्हणजे, १७ चा माउस चालत नाही, म्हणून आम्ही १८ वर तिघं बसतो.” टायपिंग कोण करतं? “शुभम करतो, आम्ही बघतो.” मुलगा लॅबला नावं ठेवत नव्हता, त्याला ती भारीच वाटत होती. गावच्या शाळेत त्यानं एवढे कम्प्युटर एका जागी पाहिलेले नव्हते. पण सेमिस्टर संपत आलं तरी त्यानं स्वतः एक प्रोग्रॅम टाइप केलेला नाही, हे त्याच्या मतातून कधीच बाहेर पडलं नसतं.

आता कोण बोलतंय ते बघायला शिका. इंदूरच्या कॉलेजांत मुलांचे साधारण तीन तळ असतात. पहिले अपडाऊनवाले, देवास, उज्जैन, महू, सांवेरकडून रोज येणारे. त्यांचं सगळं मत टाइमटेबलवर ठरतं. सकाळी ९ चा तास आणि मग थेट १ चा, असं असेल तर कॉलेज बेकार. सलग तास लागून ३ ची बस मिळत असेल तर कॉलेज उत्तम, मग आत कुणी शिकवो न शिकवो. दुसरे हॉस्टेलवाले, ते पाणी, जेवण आणि वॉर्डन यांवर बोलतात (माझ्यावर काय बोलत असतील ते मला थोडं ठाऊक आहे). तिसरे भोलाराम उस्ताद मार्गावर किंवा विष्णुपुरीत खोली घेऊन राहणारे. घरापासून पहिल्यांदाच सुटलेले असतात, रात्री ११ ला सराफ्यात गराडू खायला जाता येतं, कोणी विचारणारं नाही. यांचं ‘एकदम मस्त’ बऱ्याचदा त्या खोलीबद्दल असतं, कॉलेज त्यात भाडेकरू. तुमचा भाचा कुठे राहतो ते तुम्ही लिहिलं नाही. आधी ते विचारा.

शेजारच्या मुलीची ब्रँचही विचारा. काउन्सेलिंगमध्ये कम्प्युटर सायन्स हवी असते, वाट्याला सिव्हिल येते, वर्षअखेरीला ब्रँच बदलून मिळेल या आशेवर मूल प्रवेश घेतं आणि ते होत नाही. त्या मुलाला तुम्ही आयआयटीत नेऊन बसवलं तरी तो नाकच मुरडेल. त्याचं दुःख खरं आहे, फक्त ते कॉलेजबद्दलचं नाही.

विचारायची वेळही महत्त्वाची. पहिल्या वर्षाचं मूल दिवाळीपर्यंत घराची आठवण काढत असतं, तोवर त्याला काहीच आवडत नाही. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, भिजून आलेल्या मुलाला विचाराल तर इंदूरसारखं गाव नाही, कॉलेज तर स्वर्ग. मे महिन्यात तोच मुलगा म्हणेल, हॉस्टेल बकवास आहे. आता इंदूरचं पिण्याचं पाणी येतं नर्मदेचं, जलूदहून ७० एक किलोमीटर पंप होत होत, आणि बहुतेक वस्त्यांत नळ एक दिवसाआड येतो. उन्हाळ्यात बोअर आटले की सगळी हॉस्टेलं टँकरवर. त्या तक्रारीत हॉस्टेलचा दोष किती ते वेगळं काढावं लागतं. म्हणून विचारा: टाकी सकाळी किती वाजता रिकामी होते, आणि टँकर कोण बोलावतं? मुलंच वर्गणी काढून बोलावत असतील तर ती तक्रार हॉस्टेलची. वॉर्डन आदल्या रात्रीच सांगून ठेवत असेल तर तिथे कुणीतरी आपलं काम करतंय.

काही तक्रारी कॉलेजच्या खात्यावर चुकून पडतात. ‘निकाल चार महिने लागत नाही’, ‘पेपर अभ्यासक्रमाबाहेरचा आला’, हे इंजिनिअरिंगची मुलं हमखास सांगतात. इथली बहुतेक खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं भोपाळच्या राजीव गांधी प्रौद्योगिकी विद्यापीठाला जोडलेली आहेत. पेपर काढणं, तपासणं, निकाल लावणं हे विद्यापीठाचं काम, कॉलेजला त्यात फारसा हात नसतो. इंदूरच्याच एसजीएसआयटीएस या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजासारखी स्वायत्त संस्था परीक्षा स्वतः घेते, तिथे हीच तक्रार आली तर ती संस्थेची. खासगी विद्यापीठ असेल तर पदवीही त्यांचीच आणि परीक्षाही. तेव्हा भाच्याला विचारा की त्याच्या मार्कशीटवर वर कोणाचं नाव छापलंय. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना सुद्धा हे कधी कधी सांगता येत नाही, हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय.

जुन्या कॉलेजांच्या बाबतीत आणखी एक गंमत होते. इंदूरला ख्रिश्चन कॉलेज १८८७ चं, होळकर सायन्स १८९१ चं, एसजीएसआयटीएस १९५२ चं, इथलं देवी अहिल्या विद्यापीठ १९६४ चं. आयआयएम १९९६ मध्ये आलं, आयआयटी २००९ मध्ये. इतक्या जुन्या शहरात प्रत्येक घरात कुणीतरी माजी विद्यार्थी असतोच आणि त्याचं मत पक्कं असतं. आमच्या शेजारचे काका होळकर सायन्सबद्दल असे भरभरून बोलतात की ऐकत राहावं, पण ते ज्या कॉलेजाबद्दल बोलतात ते १९७२ सालचं आहे. मध्य प्रदेशात २०२१ पासून नव्या शिक्षण धोरणाप्रमाणे पदवीचे वर्ग चालतात. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, प्रोजेक्ट नाहीतर इंटर्नशिप. काकांना आजचं टाइमटेबल हातात दिलं तर वाचता येणार नाही. इंजिनिअरिंगचंही तेच. भोपाळचं विद्यापीठ १९९८ चं. त्याआधी इथल्या इंजिनिअरांच्या पदवीवर देवी अहिल्या विद्यापीठाचं नाव असे. १९९५ ला पास झालेल्या मामांचा सल्ला प्रेमानं ऐका, चहा पाजा. चार वर्षांपेक्षा जुनं मत मी तरी हिशेबात धरत नाही.

तुम्ही म्हणाल, मग सरकार नाही का विचारत मुलांना? विचारतं. कॉलेजांचा दर्जा तपासणारी नॅक नावाची राष्ट्रीय संस्था आहे, तिच्या मूल्यांकनात २०१७ पासून विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आलं. पर्यायांचे २० प्रश्न आणि २१ वा मोकळा, सुधारणेसाठी तीन सूचना लिहा म्हणून. पहिलाच प्रश्न सरळ आहे: वर्गात अभ्यासक्रम किती झाला, ८५ ते १०० टक्के, ७० ते ८४, असं उतरत उतरत ३० च्या खाली. शिक्षकांच्या तयारीच्या प्रश्नात तर शेवटचा पर्याय ‘शिकवतच नाहीत’ असा आहे. मला हे प्रश्न आवडतात, डाळ चमच्यावर थांबते का याच जातीचे आहेत. फॉर्म नॅककडून थेट मुलांच्या ई-मेलवर जातो. पण ई-मेलची यादी कॉलेज देतं, आणि कॉलेजसाठी १० टक्के मुलं किंवा १०० मुलं, यातला जो आकडा लहान असेल तेवढ्यांनी भरला की पुरतं. त्याआधी आठवडाभर मुलांना हॉलमध्ये बसवून ‘शेवटी डिग्री तुमचीच आहे, कॉलेजचं नाव खराब तर तुमचंही खराब’ असं समजावणारी कॉलेजं मी पाहिलेली आहेत. त्यात धमकी नसते. खरं तर त्याची गरजही नसते, कारण मुलांना ते पटतं. फी भरून झाली की आपण फसलो हे स्वतःशी सुद्धा कबूल करणं जड जातं.

कॉलेजचे स्वतःचे अभिप्राय फॉर्म वेगळे. ते माझ्याकडे यायचे. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसायच्या आधी फॉर्म भरून द्यायचा, अशी पद्धत होती. एका वर्गाचे ६२ फॉर्म आले, सगळे ‘उत्कृष्ट’, सगळ्या खुणा निळ्या पेनाच्या, एकाच कलाच्या. वर्गातल्या दोघांनी बसून सगळ्यांचे भरून टाकले होते. गठ्ठा बाजूला ठेवताना एका फॉर्मची मागची बाजू दिसली. पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘तिसऱ्या मजल्यावरच्या लेडीज बाथरूमला आतून कडी नाही. दोन वर्षं नाही.’ मी त्याच मजल्यावर शिकवत होतो, रोज त्या दारावरून जात होतो. सुतार बोलावला, ८० रुपयांचं काम. त्या वर्षीच्या अहवालात मी सरासरी गुणांचा तक्ता भरला तसा भरला, कडीला त्यात रकाना नव्हता.

मुलींच्या गोष्टी, ताई, मला कधी थेट कळल्या नाहीत. आमच्या हिला सांगायच्या. हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं हे माहितीपत्रकात असतं. गेट बंद झाल्यावर दहा मिनिटांनी आलेल्या मुलीचं काय होतं ते नसतं. रिक्षा पंक्चर झाली म्हणून उशीर झाला तर वॉर्डन आधी आत घेते आणि मग विचारते, की बाहेर उभं करून घरी फोन लावते? बायपासकडच्या कॉलेजांसाठी आणखी एक बघा. शेवटच्या बसस्टॉपपासून गेटपर्यंतचा रस्ता हिवाळ्यात संध्याकाळी साडेसहाला कसा दिसतो. हे तुमच्या लेकीनं एकटीनं तिथल्या मुलींना विचारावं. तुम्ही शेजारी उभ्या नकोत, भाचा तर नकोच. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी प्रत्येक कॉलेजात अंतर्गत समिती लागते, यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१५ चे नियम आहेत. समिती आहे का असं विचारू नका, फलक सगळीकडे असतो. समितीतल्या एका तरी मॅडमचं नाव मुलींना माहीत आहे का, ते बघा. रॅगिंगचं मुलं समोरासमोर सांगत नाहीत. १८००-१८०-५५२२ हा हेल्पलाइनचा नंबर लेकीच्या फोनमध्ये आजच घालून ठेवा.

शिक्षकांबद्दलची मतं मी सगळ्यात जास्त काटछाट करून घेतो, कारण मी त्यांच्या तोंडी होतो. ‘खडूस’, ‘अटेंडन्सला मरतो’, असलं मी मनावर घेत नसे. ७५ टक्के हजेरीचा नियम लावणारा मुलांना आवडणार नाहीच. पण एका वर्षी कुणीतरी लिहिलं, ‘सर फळ्याशी बोलतात.’ मला चांगलीच झोंबली ही गोष्ट. १८ वर्षं शिकवत होतो, माझा वर्ग भरलेला असे. शेवटी रसायनशास्त्राच्या एका मित्राला म्हटलं, एक दिवस मागच्या बाकावर येऊन बस. तो तास संपल्यावर म्हणाला, “५० मिनिटांत ३५ मिनिटं तुझी पाठ दिसली. आणि पाठ वळली की शेवटच्या तीन रांगांना ऐकू येत नाही.” मुलांच्या शंभर शेऱ्यांत एखादाच असा असतो, पण तो ओळखायची खूण आहे. ‘खडूस’ डोळ्यांना दिसत नाही, फळ्याकडे वळलेली पाठ कुणालाही दिसते. मुलं जेव्हा दिसणारी, मोजता येणारी गोष्ट सांगतात तेव्हा कान द्या, मग ती कितीही उद्धटपणे सांगितलेली असो.

आता प्लेसमेंट. तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी तेच आहे, हे मला कळतं. गेटवरच्या फ्लेक्सवर एका मुलाचा फोटो आणि लाखांचा आकडा असतो, तो एका मुलाचा असतो. इथे मुलांना विचारण्याआधी कागद बघा. देशपातळीवरच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेला आपण भरलेली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. पहिली क्रमवारी २०१६ मध्ये आली. त्या पीडीएफमध्ये किती मुलं घेतली, किती ठरलेल्या वेळेत पास झाली, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेली आणि पगाराचा मध्यक किती, हे वर्षावार लिहिलेलं असतं. मध्यक म्हणजे नोकरी लागलेल्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं करायचं आणि मधोमध उभ्या असलेल्याचा पगार बघायचा. फ्लेक्सवरचा मुलगा रांगेच्या टोकाला असतो. तुमची लेक मधल्या भागात असण्याची शक्यता जास्त, सगळ्यांचीच असते. माझी नजर आधी ‘ठरलेल्या वेळेत पास’ या रकान्यावर जाते. २४० मुलं घेतली आणि चार वर्षांनी ११० पास, असं दिसलं तर उरलेल्यांचं काय झालं हे मुलांना विचारायचं. कॉलेज भाग घेत नसेल आणि म्हणून पीडीएफच नसेल, तर तेवढ्यावरून वाईट ठरवू नका, पण फ्लेक्सवरही विसंबू नका.

जाता जाता, त्या क्रमवारीत ‘परसेप्शन’ म्हणून १० टक्के वजनाचा एक निकष आहे. लोकांना वाटतं तिथे मुलांना विचारत असतील. ते शिक्षणक्षेत्रातल्या लोकांना आणि नोकऱ्या देणाऱ्यांना विचारतात.

कागद बघून झाला की शेवटच्या वर्षाच्या मुलाला गाठा. कंपनी आली तेव्हा बसायला पात्र किती होते? पुष्कळ कंपन्या ६० टक्के आणि एकही विषय न राहिलेला, अशी अट घालतात, मग १२० च्या वर्गातले ४५ च आत जातात आणि ‘९० टक्के प्लेसमेंट’ त्या ४५ वर मोजतात. ऑफर लेटर मिळून रुजू किती झाले? हातात महिन्याला किती पडतात? हे शेवटचं मुलं लाजत सांगतात, पण सांगतात.

फीचं थोडक्यात. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी भोपाळची प्रवेश आणि शुल्क विनियामक समिती ठरवते, आकडे तिच्या वेबसाइटवर आहेत. मुलांना फी विचारू नका, ती वडील भरतात. गेल्या सेमिस्टरला फीशिवाय घरून काय काय मागवलं ते विचारा. ब्लेझर, ट्रेनिंग, औद्योगिक सहल, दंड. आणि हे नक्की विचारा: तुझी दहावी-बारावीची मूळ मार्कशीट आत्ता कुठे आहे? यूजीसीनं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की तपासून झाल्यावर मूळ कागद परत द्यायचे, ठेवून घ्यायचे नाहीत. ‘ऑफिसात जमा आहे’ असं उत्तर आलं तर त्या ऑफिसचा स्वभाव तुम्हाला कळला. कॉलेज सोडून दुसरीकडे जायची वेळ आली की तो कागद ओलीस राहतो.

एकदा एका मुलाला विचारलं, शेवटची तक्रार केलीस त्याचं काय झालं? तो हसला, “सर, तक्रार कशाला करायची, ॲडजस्ट करून घेतो.” २०२३ च्या यूजीसी नियमांप्रमाणे तक्रार निवारण समिती हवी, तिनं १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायला हवा, वर लोकपाल हवा. तो मुलगा तिसऱ्या वर्षाला होता आणि यातलं त्याला एकही ठाऊक नव्हतं. त्यानं मात्र कॉलेजला दहापैकी आठ गुण दिले होते. ॲडजस्ट करून घेणाऱ्या मुलांची मतं गोड असतात. त्यामुळे भांडखोर मुलं सापडली तर मला बरं वाटतं, निदान त्यांना तारखा पाठ असतात.

तुम्ही इंदूरला याल तेव्हा शनिवारी येऊ नका, वर्ग रिकामे असतात. मंगळवार-बुधवार बघा. ऑफिसात जाल तर ते तुम्हाला एसी सेमिनार हॉल दाखवतील आणि पाण्याची बाटली देतील, ते घ्या. मग बाहेर या आणि १ ते २ च्या दरम्यान गेटसमोरच्या चहावाल्याकडे बसा. लेकीला पलीकडच्या बाकावर बसू द्या. चहावाल्याशीही दोन शब्द बोला, पण त्याच्या मतावर जाऊ नका, मुलं बाहेर बसली की त्याचा धंदा होतो. १० वाजता किती मुलं गेटमधून आत जातात आणि साडेअकराला किती बाहेर येऊन बसतात, एवढं मात्र तो बिनचूक सांगेल. जुन्या कॉलेजासमोरही असंच एक तास बसा. वर सांगितलेल्यांतले चार प्रश्न आधी निवडा, दोन्हीकडे लेकीनं तेच विचारायचे, मनानं नवे घालायचे नाहीत, नाहीतर उत्तरं एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. घरी परतताना गाडीत तिनं ती वहीत लिहून काढावीत. तुम्ही ती वाचायची घाई करू नका.

भाच्याला फोन कराल तेव्हा माझं नाव सांगू नका, तो सावध होईल. इकडचं तिकडचं बोला, आईची खुशाली सांगा आणि मध्येच विचारा, काल दुपारचं प्रॅक्टिकल झालं का रे, आणि तू कुठल्या नंबरवर बसला होतास.